दोन डझन कोड

१२ मार्च

बारक्या,

कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" एवढंच म्हणतोस आणि मेसेज वाचून तसाच ठेवून देतोस. कागद फेकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो. शिवाय तू नवा पत्ता कळवलास आणि ऑफिसच्या पत्त्यावर यापुढे काही पाठवू नकोस म्हणालास. घर मोठं घेतलंस वाटतं. पत्त्यात खोलीचा नंबरही आहे आणि कुणाच्या तरी "मार्फत" असंही आहे. मोठ्या माणसांचे पत्ते असेच असतील, मला काय कळतंय.

मुद्द्यावर येते. तुमच्या कंपनीचा समुद्राचा व्हिडिओ गेम, तिसरा भाग, गेल्या शुक्रवारी दुकानात आला. बिल बघून मला वाटलं पेटीवाल्याने दोन खेळांचे पैसे एकत्र लावलेत. पेटीवाला म्हणजे वितरकाचा माणूस, तू असताना यायचा तोच, आता टक्कल पडलंय त्याला. तो म्हणाला, "चूक नाही, हीच किंमत. मागच्या भागाच्या दीडपट. आता मोठे खेळ असेच येणार." तुमचा विमानांचा खेळ गेल्या वर्षाच्या शेवटी असाच महाग आला होता, तो अजून फळीवर धूळ खातोय. मी म्हटलं, ही किंमत ठरवणारा एकदा माझ्या हाताला लागू दे. मग आठवलं की तो माझ्या हातचा मार खाऊनच मोठा झालाय.

एवढ्यावर हसून घे. पुढचं हसण्यासारखं नाही.

मी दोन डझन डबे घेतले. खरं तर सहा-सात घ्यायला हवे होते, पण बाबा म्हणाले दोन डझन. ते तुझ्याशी पाच वर्षं बोलत नाहीत, तुझा विषय निघाला की तोंड फिरवतात, हे सगळं आहेच. पण तुझ्या कंपनीचा खेळ यायचा असला की महिनाभर आधीपासून पोस्टर काचेवर कुठे लावायचं याचा घोर त्यांनाच. "संपतील," म्हणाले. का संपतील ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पैसे रोख मोजावे लागले. दुकानाच्या भाड्याचे होते ते दिले आणि मालकाला म्हटलं, जरा कळ काढा.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे. डबा बाहेर, डिस्क आत. माल आला की सील फोडायचं, डिस्क काढून काउंटरमागच्या खणात ठेवायची आणि रिकामा डबा फळीवर मांडायचा. गिऱ्हाईक डबा घेऊन येतं, आपण खणातली डिस्क देतो. चोराने चोरलंच तर प्लास्टिक चोरेल. बाबांनी ही रीत घातल्यापासून आपल्या दुकानातून एक डिस्क गेली नाही.

या वेळी तुमच्या डब्यात डिस्कच नव्हती. नुसतं एक गुळगुळीत कार्ड आणि त्यावर लांबलचक कोड. तो खेळायच्या यंत्रात टाकला की खेळ आपोआप उतरतो, आणि एकदा टाकला की तो कोड मेला. हे डब्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात छापलंय. ते वाचलं गेलं नाही. पूर्वी एकदा शर्यतीच्या खेळाच्या डिस्का मागाहून वेगळ्या पाकिटात आल्या होत्या, तसंच असेल असं वाटलं. कार्ड म्हणजे नेहमीची जाहिरात. झालं. सगळे डबे कार्डासकट फळीवर मांडले, रिकामे समजून.

शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक डबा हातात घ्यायचे, किंमत बघायचे, परत ठेवायचे. विकले गेले मोजकेच. पण त्या गर्दीत कुणीतरी निवांत एकेक डबा उघडून कार्डांचे फोटो काढून गेलं. शनिवारी बेकरीवाला परत आला, यंत्र म्हणतंय कोड आधीच वापरलाय. त्याच्यामागे आणखी दोघं. मग पेटीवाल्याकडून सगळे तपासून घेतले. एकही जिवंत नव्हता.

ज्यांनी घेतले त्यांचे पैसे परत केले. पेटीवाला म्हणतो, उघडलेला माल परत नाही. चूक माझी, सील मीच फोडलं. पण तू तर तिथेच आहेस, किंमत ठरवणाऱ्या खात्यात. मेलेल्या कोडांच्या जागी नवे देणं तुमच्या लोकांना जड जाऊ नये. कोडाला ना प्लास्टिक लागतं ना गाडीभाडं. तेवढं कर. नाही झालं तर दुकान या उन्हाळ्याच्या पुढे जात नाही. तुला घाबरवायला म्हणत नाही, आहे तसं सांगतेय.

बाबा बरे आहेत. सध्या मीच बसते दुकानात, म्हटलं त्यांनाही जरा आराम.

ताई


२९ मार्च

बारक्या,

तुझा मेसेज आला, "विचारतो, वेळ लागेल". त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, हातभर लांब. खेळ बनवायला आता किती माणसं किती वर्षं राबतात, पगार किती वाढले, आणि इतकी वर्षं खेळाची किंमत जागची हलली नव्हती, पावाची राहिली का तेवढीच, असं सगळं. कोडांबद्दल एक ओळ आणि किमतीबद्दल पुराण.

तुझं म्हणणं खोटं नाही. मी बेकरीवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पाव महागला तर लोक लहान पाव घेतात. खेळाचा लहान पाव कुठे मिळतो ते विचारा तुमच्या भावाला." विचारलं, बघ.

तुला वाटतं की लोक चिडून ओरडतील, दोन दिवस इंटरनेटवर शिव्या देतील आणि मग घेतील. ओरडणारे ओरडले. पण आपल्या दुकानात येणारी माणसं ओरडणारी नाहीत, ती थांबणारी आहेत. नर्सबाई डबा बघून शांतपणे म्हणाल्या, "मला काय घाई? खेळ कुठे पळून जातोय? थांबलं की स्वस्त होतो." मास्तरांनी जुना दुसरा भागच परत काढलाय. पूर्वी ही मंडळी काय करायची ते तू पाहिलंयस. सलूनवाला, बेकरीवाला, नर्सबाई आणि मास्तर वर्गणी काढून एक डिस्क घ्यायचे आणि ती आठवड्याच्या पाळीने चौघांकडे फिरायची. मग ती अर्ध्या किमतीत आपल्याकडे परत यायची, आपण ती आणखी कुणाला द्यायचो. कोड फिरत नाही. ज्याच्या यंत्रात गेला त्याचाच. तुम्ही नेमकं हेच तर बंद केलंत.

हे लिहिताना मला तुझं ते भाषण आठवतं. मला ते काढायचं नव्हतं, पण आता लेखणी थांबत नाही. खेळांच्या प्रदर्शनात मंचावर कोट घालून उभा होतास आणि म्हणालास, "एक डिस्क दहा घरं फिरते, हा आमच्या श्रमांवर डल्ला आहे." बाबा ते दुकानातल्या टीव्हीवर बघत होते. गिऱ्हाइकं होती. मुलगा टीव्हीवर येणार म्हणून त्यांनीच सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. तुझं वाक्य झालं तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. सलूनवाला उगाच एक डबा उलटापालटा करत राहिला. बाबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "चला, कामं आहेत." ज्या डिस्का फिरवून तुझी कॉलेजची फी भरली, त्यांना तू डल्ला म्हणालास. त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. रोज चार वाक्यांत एकदा येणारं नाव त्यांनी कसं गाळलं असेल, मला खरंच कळत नाही.

ते असो. कोडांचं काय झालं? बाबा रोज संध्याकाळी मी घरी आले की विचारतात, "आले का?" काय आले ते म्हणत नाहीत. मी "नाही" म्हणते, मग ते भिंतीकडे वळतात. ताटातलं अर्धं तसंच राहतं. मी चमचा पुढे करत बसते आणि ते ओठ मिटून घेतात, तू लहानपणी करायचास तसे.

दमलेत जरा, वयच झालंय. बाकी काही नाही. लवकर कर.

ताई


१५ एप्रिल

बारक्या,

आज चांगलं काहीतरी सांगायचं आहे. नंतर एक अट पण आहे, ती शेवटी.

सलूनवाल्याने डोकं लढवलं. पेटीवाल्याने त्याच्याकडचा एक शिल्लक कोड चौघांना वर्गणीत दिला. तो एकाच यंत्रात जाणार, मग यंत्र सगळ्यांचं करू, असं म्हणून सलूनवाल्याने यंत्रच सलूनमध्ये आणून ठेवलं. टीव्ही मागच्या भिंतीवर, म्हणजे खुर्चीत बसलेल्याला समोरच्या आरशात खेळ दिसतो. आता लोक केस कापायला कमी आणि समुद्र बघायला जास्त येतात. मास्तर आरशात बघून खेळले, त्यामुळे त्यांचं जहाज सारखं डावीकडच्या खडकावर आपटत होतं. नर्सबाईंनी त्यांच्या हातातून खेळायचा रिमोट काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसती दाढी करून घ्या."

सलूनवाल्याने खेळ संपवला आणि मला निरोप पाठवला, "बाबांना घेऊन या, शेवटची नावं लागायची आहेत." तुला हे माहीत नसेल. तुझ्या कंपनीचा प्रत्येक खेळ कुणी ना कुणी संपवला की बाबा शेवटची नावं बघायला जातात. खेळ बनवणाऱ्यांची हजारो नावं असतात ती, कोण बघतं एरवी? खेळणारे बटण दाबून पुढे पळतात. पण आपली मंडळी बाबांसाठी थांबतात. आधीच्या खेळांत तुझं नाव नव्हतं, तुझं खातं नवं होतं म्हणून असेल. तरी ते उभे राहून शेवटपर्यंत बघायचे आणि "बरा आहे खेळ" म्हणून निघायचे.

या वेळी त्यांना खुर्चीसकट नेलं. पाय मुरगळलाय त्यांचा, म्हणून. बेकरीवाल्याने एका बाजूने धरलं, सलूनवाल्याने दुसऱ्या. आरशात अक्षरं उलटी दिसतात म्हणून खुर्ची भिंतीकडे फिरवली. चित्रं काढणाऱ्यांची नावं गेली, आवाजवाले गेले, भाषांतरवाले गेले, जेवण पुरवणाऱ्यांची पण गेली. मास्तर प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होते, शाळेत हजेरी घेतात तसे. मला वाटलं आता संपणार. आणि तुझं नाव आलं. मास्तरांनी हजेरी मध्येच सोडली. सलूनवाल्याने बटण दाबून पडदा थांबवला.

बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अक्षर केवढं बारीक केलंय." सगळे हसले. तेही हसले. त्यांचं अर्धंच तोंड हसतं हल्ली, पण हसले. नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला आणि उगाच म्हणाल्या, सलूनमध्ये फार केस उडतात.

घरी आल्यावर पलंगावर टेकले आणि म्हणाले, "लाव त्याला." पाच वर्षांनी. नाव नाही घेतलं, पण दुसऱ्या कुणाला लावायचं असणार?

मी फोन हातात घेतला, नंबर दाबल्यासारखं केलं आणि म्हटलं, लागत नाहीये.

खोटं बोलले मी. का बोलले तेही सांगते, म्हणजे तुला राग यायचा असला तर नीट येईल. तुम्ही दोघं बोललात की काय होणार हे मला ठाऊक आहे. बाबा विरघळणार आणि म्हणणार, "कोडबीड राहू दे रे, तू कसा आहेस?" आणि तू सुटलास. तुमचं गोड होईल आणि बुडतं दुकान माझ्या गळ्यात राहील. मालकाने कुलूप दाखवलंय. मला तू आत्ता कोंडीत हवा आहेस.

म्हणून अट ही, की आधी कोड पाठव. तोपर्यंत फोन करू नकोस. आलेला फोन मी उचलणार नाही आणि बाबांना देणार नाही. कोड आले की त्याच मिनिटाला मी स्वतः लावते, मग हवं तेवढं बोला, मी शेजारी बसणारसुद्धा नाही. पंधरा-वीस दिवसांनी काय फरक पडतो? पाच वर्षं गेलीच ना.

ताई


११ मे

तुझे कोड पोचले. चार दिवसांत तुकड्या-तुकड्याने आले, आज पाच, उद्या आठ. तुमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात एकदम दोन डझन देण्याइतकी पण कुणाची छाती नाही, हे बघून गंमत वाटली. शेवटचे आले तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर होते. कंपनीला माझे आभार कळव.

बाबांना झटका आला त्याच दिवशी मी तुला फोन केला. सगळं सांगितलं, डिसेंबरातला पहिला झटकापण सांगितला. डॉक्टर म्हणाले दोन-तीन दिवस हातात आहेत. तू म्हणालास, "ताई, रजा मिळत नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. परत विचारलं. परत तेच म्हणालास, आणखी हळू आवाजात.

मग मी तोच फोन बाबांच्या कानाला लावला. तू "बाबा, बाबा" म्हणालास ते मला बाहेर ऐकू आलं. त्यांना काही कळत नव्हतं. डोळे उघडे होते, पण ते आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते.

सगळं उरकलं. सलूनवाल्याने त्यांची दाढी केली, सावकाश, जसं काही त्यांना लागेल. खांदा द्यायला बेकरीवाला, मास्तर, पेटीवाला सगळे होते. लोक विचारत होते, "मुलगा?" मी म्हणत होते, "निघालाय." दोन दिवस म्हणत होते. नंतर लोकांनी विचारायचं सोडलं, तेव्हा मला जास्त लाज वाटली.

बापाला पोचवायला रजा मागावी लागते आणि ती मिळत नाही, असल्या नोकरीला आग लागो. तुम्ही प्रत्येक गोष्टीची किंमत ठरवता ना, मग ही पण ठरवली असशील. दोन डझन कोड म्हणजे फिटलं, असंच ना?

तुझं नि माझं संपलं. हे पत्र घडी करून जपून ठेव, पुढचं येणार नाही.

(सहीपुरती) ताई


२४ जून

बारक्या,

येणार नाही म्हटलं होतं, तरी लिहितेय. आधी पूर्ण वाच आणि मग काय तो राग कर. तो करायचा हक्क आता तुझा आहे, माझा नाही.

काल पेटीवाला आला होता. समुद्राचा खेळ अर्ध्या किमतीला काढलाय कंपनीने, त्याचं नवं दरपत्रक घेऊन. लोक थांबले, खेळ पडून राहिला, शेवटी उतरवली किंमत. नर्सबाई त्याच दिवशी येऊन घेऊन गेल्या, जिंकल्यासारख्या. मी पेटीवाल्याला तू पाठवलेले कोड दाखवले. विकायचं मनच झालं नव्हतं मला, सगळे तसेच होते. म्हटलं, कंपनीने बदलून दिलेत, हे नव्या दराने विकायचे की जुन्या?

त्याने एकदा बघितलं, परत बघितलं. म्हणाला, "हे कंपनीने बदलून दिलेले नाहीत. तसल्या कोडांवर 'विक्रीसाठी नाही' असं असतं. हे बाजारातले आहेत. कुणीतरी पूर्ण किमतीला एकेक विकत घेतलेत."

मी म्हटलं, भावाने ऑफिसातून पाठवलेत. तेव्हा तो खुर्चीवर बसला आणि मला पण बस म्हणाला. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. विमानांचा खेळ महाग केला आणि कुणी घेतला नाही, तेव्हा जानेवारीत तुमचं सगळं खातंच बंद केलं म्हणे, एका सकाळी, दारावरचं कार्ड चालेना तेव्हा माणसांना कळलं. समुद्राच्या खेळात तुझं नाव राहिलं ते आधीच चढवलेलं होतं म्हणून. तू आता कुठल्याशा गोदामात खोकी बांधतोस, असं त्याला तुमच्या कंपनीतल्याच कुणी सांगितलं. बराच वेळ तो टकलावर हात फिरवत बसला होता. मग "माफ करा, मी बोलायला नको होतं" म्हणून चहा न घेता गेला.

खोली नंबर. मार्फत. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस. सगळं तू लिहूनच दिलं होतंस, आणि मी त्यावर विनोद केले.

रजा मिळत नाही म्हणालास. ज्या ऑफिसातून रजा मागायची ते ऑफिसच राहिलं नव्हतं. मग आज सकाळी मी जाऊन तिकिटाची चौकशी केली. दोन डझन कोडांची पूर्ण किंमत आणि तुझ्याकडून इथे जाऊन-येऊन तिकीट, जवळपास सारखंच येतं. तिकीट देणारी बाई विचारत होती, कधीचं काढू? मी त्या आकड्याकडेच बघत राहिले. ती म्हणाली, बाई, पाणी देऊ का?

आता माझ्याकडचं. सील मी फोडलं नव्हतं. बाबांनी फोडलं. डिसेंबरात झटका आल्यापासून त्यांचा डावा हात गेला होता, दुकानात येणं बंद होतं त्यांचं. पण तुझा खेळ यायच्या दिवशी हट्टाला पेटले, मला नेच. नेलं. मी बँकेत गेले तेवढ्या वेळात त्यांनी एका हाताने आणि दातांनी दोन डझन सिलं फोडली आणि सगळे डबे फळीवर ओळीने लावले. मी आले तेव्हा असे बसले होते, तुझं बारसं असल्यासारखे. नंतर जे झालं ते कळल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "त्याच्या खेळाने दुकान नाही बुडालं. मी बुडवलं. त्याला सांगू नकोस." आणि आजारपणाचं कळवायचं नाही, कळवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, ही शपथ तर आधीपासूनच होती. दयेने आलेला मुलगा नको होता त्यांना. आपण होऊन आलेला हवा होता.

मी शपथेमागे लपले. तेवढं कबूल केलंच पाहिजे. शपथ मोडून मी मार्चमध्ये नुसतं "बाबा आजारी आहेत, ये" एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. तेव्हा तुझ्याजवळ तिकिटापुरते पैसे होते, हे आता कळतंय. एप्रिलमध्ये त्यांनी "लाव त्याला" म्हटलं तेव्हा लावला असता तरी तू आला असतास. पण मला वाटायचं की तू आहेस तिथेच आहेस, बाबा आहेत तिथेच आहेत, घाई आहे ती दुकानाला. सगळं उलटं होतं. दुकान अजून आहे, बघ. मालक थांबला. बाकी कुणी थांबलं नाही.

मी कोड मागितले, तू कोड पाठवलेस. तुला मागितलं असतं तर तू आला असतास.

तू पूर्ण पैसे मोजून एकेक कोड घेताना काय वाटलं असेल, याचा विचार मी करत नाही, करवत नाही. ती किंमत तुम्हीच ठरवलेली. एकदा तरी हसू आलं का रे तुला? आलं असलं तर मला आवडेल.

बाबांची खुर्ची अजून सलूनमध्येच आहे. सलूनवाला परत आणतो म्हणाला, मी म्हटलं राहू दे. दुकान उघडतेय रोज. फळीवर आता नवे डबे कमी आणि जुन्या डिस्का जास्त. लोक जुनंच मागतात. आणखी किती दिवस चालेल मला माहीत नाही आणि त्याबद्दल तुझ्याकडे काही मागायचंही नाही.

आज दुपारी मी तुझे सगळे कोड विकून टाकले. मास्तरांनी, बेकरीवाल्याने, सगळ्यांनी मिळून घेतले, काहींनी तर घरात यंत्र नसताना. जास्त द्यायला बघत होते, मी घेतलं नाही. नव्या दरानेच दिले, म्हणजे अर्ध्या किमतीला. ते पैसे आजच तुझ्या खात्यावर पाठवलेत. जाऊन-येऊनचं तिकीट त्यात बसत नाही, एकाच बाजूचं बसतं.

येण्याचं काढ.

ताई